बोलोन्याचं राहिलंय

‘बाई, तुमचं सामान कुठाय?’

बोलोन्याच्या स्टेशनात गाडीतून उतरल्या उतरल्या ह्यांनी मला विचारलं. मी हातातली बॅग दाखवली.

‘आणा इकडे. बायकामाणसांनी ओझं उचलायचं नाही.’

असं म्हणून ह्यांनी बॅग घेतलीसुद्धा. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्या हातातली पिशवी कधी आपणहून घेतली नव्हती. हे पुढं, हात मागं बांधून, आणि मी मागं, दोन्ही हातांत भाजी घेऊन, असे आम्ही सांगलीभर हिंडलो होतो. आता मी परकी झाले, तेव्हा कुठं माझं ओझं उतरलं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. स्टेशनात दोन्ही गिळलं.

उल्का, आमची मुलगी, तिकिटं पर्समध्ये ठेवत होती. ती जर्मनीत असते. तिच्याकडे आठवडाभर राहून आम्ही तिघं रेल्वेनं इथं आलो होतो. हे तिला कंपनीनं नेमून दिलेली दुभाषी समजत होते.

‘मुलगी हुशार आहे,’ हे मला हळूच म्हणाले. ‘मराठी अगदी आपल्यासारखं बोलते.’

‘ऐकलंस का गं?’ मी उल्काला म्हटलं.

‘ऐकलं.’ तिनं गॉगल लावला. ‘आई, दोन दिवस. मग परत. तू कबूल केलंयस.’

ह्यांचं विसरणं सुरू होऊन चार वर्षं झाली होती. आधी चष्मा आणि किल्ल्या गेल्या, मग रस्ते गेले, मग माणसं. मी सगळ्यांत शेवटी गेले, एवढा मान मला मिळाला. एका सकाळी मी चहाचा कप हातात दिला तर हे म्हणाले, ‘आभारी आहे, बाई. तुम्ही नवीन आलात का?’ त्या दिवसापासून ‘अगं’ संपलं, ‘तू’ संपलं. सगळं ‘तुम्ही’ आणि ‘बाई’. उभ्या जन्मात माझ्याशी इतक्या आदरानं कुणी बोललं नव्हतं, आणि मला तो आदर विषासारखा लागायचा.

अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था पुण्यात आहे. तिथं ह्यांच्यासाठी खोली ठरली होती. माझे गुडघे गेलेले, आणि हे कडी काढून रस्त्यावर निघून जायला लागलेले. एकटीला झेपणारं नाही हे मलाही कळत होतं. परत गेलं की ह्यांना तिथं पोचवायचं होतं. फक्त त्याआधी मला एकदा बोलोन्याला यायचं होतं. जुन्या जागा दाखवल्या की अशा माणसांना बरं वाटतं असं डॉक्टर म्हणाले, असं मी उल्काला ठोकून दिलं. डॉक्टर बिचारे तसं काही म्हणाले नव्हते.

खरं कारण एवढंच, की मला तिथं ह्यांना नावानं हाक मारायची होती. एकदाच. आणि कोण हाक मारतंय हे ह्यांना कळायला हवं होतं.

हसायचं असेल तर हसा. आमच्या घरात हे असंच होतं. माझ्या वडिलांचं नाव गोविंद. आई रोज विष्णुसहस्रनाम म्हणायची, आणि ते नाव आलं की ओठ मिटून पुढच्या नावावर जायची. साक्षात देवाला एक नाव कमी पडलं तरी चालेल, पण नवऱ्याचं घ्यायचं नाही. मी तशा आईच्या हाताखाली वाढले.

हे सांगलीजवळ गोळ्या-चॉकलेटच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. गोळीभोवती कागद गुंडाळून दोन्ही टोकं पिळणारी यंत्रं बोलोन्याहून यायची. ती शिकून घ्यायला कंपनीनं त्र्याऐंशी साली ह्यांना सहा महिने इथं पाठवलं, आणि शेवटच्या पंधरवड्यात ह्यांनी मला बोलावून घेतलं. सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. ‘तो तिथं गोळ्या गुंडाळतोय, तू काय कागद धरायला जाणार?’ असं त्या म्हणाल्या. पण ह्यांनी कसलं तरी निमित्त सांगून त्यांना गप्प केलं, आणि लहानग्या उल्काला त्यांच्यापाशी ठेवून मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसले.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी हे मला गावातल्या मोठ्या चौकात घेऊन गेले. ‘एक गंमत दाखवतो,’ एवढंच म्हणाले. चौकाच्या कडेला विटांचा एक जुना राजवाडा आहे. त्याच्या पोटातून दोन बोळ एकमेकांना छेदून जातात, आणि जिथं छेदतात तिथं वर घुमटासारखं गोल छत आहे. ह्यांनी मला तिथल्या एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि आपण निघून गेले. मी शाळेत शिकवणारी. मुलींना कोपऱ्यात उभं करण्यात माझी हयात गेली. आता मीच साडीवर ह्यांचा कारखान्यातला लांब कोट घालून, भिंतीला नाक लावून उभी. मागून लोक येतायत जातायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात भिंत माझ्या कानात म्हणाली, ‘काय गं, ऐकू येतंय का?’

मी किंचाळलेच. वळून बघते तर हे पार समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून उभे. आवाज छताच्या गोलाईला धरून वर चढतो आणि समोरच्या कोपऱ्यात उतरतो. मधून जाणाऱ्याला अक्षर ऐकू येत नाही. पूर्वी महारोग्यांना लांब उभं राहून आपली पापं पाद्र्याला सांगता यावीत म्हणून ही सोय होती, असं तिथले लोक सांगतात.

‘येतंय,’ मी भिंतीला म्हटलं. ‘चला आता. लोक बघतायत.’

‘बघू देत. इथं आपलं कोण आहे? एक काम कर. माझं नाव घे.’

‘इश्श!’

‘उखाणा नको. नुसतं नाव. आक्का मारते तशी हाक मार.’

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मी उखाण्यात ह्यांचं नाव शंभरदा घेतलं होतं. लग्नात, मंगळागौरीला, कुणाच्याही डोहाळजेवणात. पण ते चारचौघींसमोर, यमक जुळवून, नटून-थटून घेतलेलं नाव. हाक वेगळी. मी तोंड उघडलं. भिंत वाट बघत होती. जीभ काही वळेना.

‘घरी गेल्यावर घेते,’ मी म्हटलं.

भिंतीतून ह्यांचं हसू ऐकू आलं. ‘बरं. राहिलं म्हणायचं.’

घरी गेल्यावर सासूबाई होत्या. त्या गेल्या तोवर उल्का मोठी झाली होती. ती परदेशी गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तोवर ‘अहो’ची इतकी सवय झालेली की नाव म्हणजे दुसऱ्याच कुणाचं वाटावं. हे मात्र विसरले नाहीत. दिवे गेले की, लग्नाच्या वाढदिवसाला, कधी दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत, मध्येच माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘बोलोन्याचं राहिलंय बरं का.’ मी म्हणायची, ‘बघू.’ आजार सुरू झाल्यावरही एकदा, औषध हातात घेऊन, म्हणाले, ‘ते बोलोन्याचं राहिलंच की गं.’ त्या दिवशी घ्यायला हवं होतं. पण मला वाटलं, आता नाव घेतलं तर निरोप घेतल्यासारखं होईल. म्हणून मी ‘बघू’च म्हटलं.

तर असं होतं ते. आता परत त्या गावात आलो होतो.

गाव जिथल्या तिथं होतं. तेच कमानींचे लांबच लांब रस्ते, की पाऊस आला तरी छत्री उघडायला नको. तेच विटांचे तांबडे रंग. ते चौकातलं मोठं देऊळ, खालून संगमरवरी आणि वरून नुसत्या विटांचं, अजून तसंच अर्धवट. दुपारी एका कॉफीच्या दुकानात शिरलो. उल्का काउंटरवर गेली. ह्यांनी कागदी रुमालाचा एक चौकोन फाडला, त्यात साखरेची वडी ठेवली, कागद गुंडाळला आणि दोन्ही टोकं एका झटक्यात पिळली. डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते. ती पुडी ह्यांनी माझ्यापुढं सरकवली.

‘घ्या, बाई.’

‘तुमचं कुटुंब कुठं असतं?’ मी विचारलं. हा प्रश्न मी ह्यांना अधूनमधून विचारायची. दुखऱ्या दाताला जीभ लावल्याशिवाय राहवत नाही, तसं.

एरवी हे विचारात पडायचे. आज चेहरा उजळला. ‘सांगलीला. पण आता येतेय ना इकडे. उद्याचं विमान आहे तिचं.’

‘असं?’

‘पहिल्यांदाच बसतेय विमानात. घाबरट आहे हो तशी, पण दाखवायची नाही. तोंडानं फटकळ.’

‘फार फटकळ आहे का?’

‘फार!’ हे हसले. मग पुढं वाकून म्हणाले, ‘पण मनात काही नसतं तिच्या. तिला मी इथं एक गंमत दाखवणार आहे. भेटली तर तुम्ही सांगू नका आधी.’

‘नाही सांगत,’ मी म्हटलं, आणि साखरेची पुडी पर्समध्ये टाकली.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. म्हणजे जागा ह्यांच्यापर्यंत पोचली होती. हे त्या साली जाऊन उभे होते, आणि माझीच वाट बघत होते. आता फक्त मी तिथं पोचायचं बाकी होतं.

पण दुसऱ्या दिवशी पहाटेच हे कोट-बूट घालून दारात उभे. ‘विमानतळावर जायचंय. गाडी सांगा.’

उल्का समजावत होती, विमान उशिरा आहे, नंतर जाऊ. हे ऐकेनात. ‘ती एकटी उतरेल. तिला भाषा येत नाही. ती कुणाला विचारणार?’ आवाज चढायला लागला. मला ते बघवेना. मी पुढं झाले.

‘ती आली आहे,’ मी म्हटलं.

‘कुठाय?’

‘ही काय. मीच.’

ह्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. गुडघ्याचा पट्टा, काठी, पांढरे केस. मग एखाद्या बाईनं काहीतरी अचकट विचकट बोलावं आणि भल्या माणसाला कुठं बघावं कळू नये, तशी ह्यांनी मान खाली घातली.

‘बाई, असं बोलू नये,’ हे म्हणाले. ‘तुम्ही चांगल्या घरच्या दिसता.’

मी खोलीबाहेर गेले. उल्का मागोमाग आली. तिथं जिन्यात आमचं भांडण झालं.

‘आई, बस झालं. मी आजचं तिकीट बघते. त्यांना त्रास होतोय, तुला त्रास होतोय. कोण डॉक्टर म्हणाले तुला असं करायला?’

‘कोणी नाही म्हणाले.’

‘म्हणजे?’

मग मी तिला सगळं सांगितलं. कोपरा, भिंत, नाव. पोटच्या पोरीला हे सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं. ती पायरीवर बसून ऐकत होती. तिच्या घरात ती आणि तिचा नवरा दिवसभर एकमेकांना नावानं पुकारत असतात. कचरा कुणी टाकायचा यावर भांडतानासुद्धा नावच.

‘नुसतं नाव?’ ती म्हणाली. ‘मग आत जाऊन घे ना. बाबा समोर बसलेत.’

‘समोर बसलेल्यांना मी बाई आहे.’

‘आणि तिथं नसशील?’

‘तिथं तोंड दिसत नाही गं,’ मी म्हटलं. ‘तिथं दोघांची पाठ असते.’

उल्का पायरीवरून उठली. तिनं माझा पदर सरळ केला, आणि म्हणाली, ‘चल. मी आणते त्यांना.’

ह्यांना तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण हे मुकाट्यानं आले. सकाळचं ऊन पडलं होतं. चौकात कबुतरं आणि शाळेची सहल. कमानीखाली गेलो तर एक तरुण जोडपं आमच्या कोपऱ्यात खिदळत होतं. त्यांचं होईपर्यंत आम्ही थांबलो. हे छताकडे टक लावून बघत होते. ओळखीचं काही दिसतंय का, ते मला चेहऱ्यावरून कळेना.

उल्कानं ह्यांना कोपऱ्यात नेलं, खांदे धरून भिंतीकडे वळवलं आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मी काठी टेकत तिरकी पलीकडे गेले. मधे सहलीची पोरं पळत होती. मी भिंतीला तोंड लावलं. वीट गार होती, तिला ओलसर वास येत होता. तीस वर्षांनी मी पुन्हा शिक्षा झाल्यासारखी उभी होते, आणि ह्या वेळी कुणी बघितलं तरी मला फिकीर नव्हती.

मी ह्यांचं नाव घेतलं.

ते इथं सांगत नाही, तेवढं समजून घ्या. पण घेतलं. उखाणा नाही, यमक नाही, मागंपुढं काही नाही. आक्का मारायच्या तशी हाक मारली. माझ्या स्वतःच्या तोंडून ते नाव ऐकताना मला कसंतरीच झालं, देवघरातली वस्तू हातातून निसटावी तसं.

मी पुन्हा एकदा हाक मारली.

‘कोण आहे?’ भिंत म्हणाली.

‘मी.’

‘मी कोण?’

‘मी... तुमची बायको.’

मग ह्यांचा आवाज आला, अगदी सभ्य, समजूत घातल्यासारखा. ‘नाही हो. आमची ही माझं नाव घेत नाही. तुमची काहीतरी चूक होतेय.’

आयुष्यभर जपून ठेवलेली एकच गोष्ट मी ह्यांना द्यायला आले होते, आणि ती दिली म्हणूनच मी खोटी ठरले. आधी घेतलं असतं, कधीही घेतलं असतं, तर आज ती हाक ओळखीची असती. मी कपाळ विटांवर टेकलं. रडायलासुद्धा जोर लागतो, तो नव्हता. दूध उतू गेलं की, पाय घसरला की, विंचू दिसला की, जे माझ्या तोंडून जन्मभर निघालं तेच निघालं.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘आता मी काय करू?’

‘काय गं?’

मी विटांवरून कपाळ उचललं.

‘काय झालं? आणि तू कधी आलीस?’ भिंत विचारत होती. आवाज तोच. तुम्ही नाही, बाई नाही.

‘आत्ताच,’ मी म्हटलं. कुजबुजीला वय नसतं. माझा मलाच तो आवाज जुना वाटला, त्या वेळचा.

‘मी येणार होतो तुला घ्यायला. ती दुभाषी मुलगी सोडेचना. विमानात घाबरलीस?’

‘छे.’

‘खोटं बोलतेस.’

‘थोडी घाबरले.’

‘आईनं सोडलं नीट?’

‘सोडलं.’

‘आणि उल्का? रडली?’

मी वळून बघितलं. उल्का ह्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला होता.

‘नाही रडली,’ मी म्हटलं. ‘शहाणी आहे.’

‘कोट घातलायस ना? इथं गारठा फार आहे. मी तुला माझा देतो कारखान्यातला.’ मग लाडात आले की जसं बोलायचे तसं म्हणाले, ‘ए, इथं आपलं कुणी नाही. माझं नाव घे.’

मी तोंड उघडलं. नाव जिभेच्या टोकावर होतं. आता ते अवघड उरलं नव्हतं, आत्ताच तर दोनदा घेतलं होतं. ज्यासाठी इतक्या लांब आले ते समोर होतं. ह्यांना मी कोण हे माहीत होतं, आणि हे मागत होते. पण नाव घेतलं की भिंतीतून पुन्हा ‘कोण आहे?’ येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

‘घरी गेल्यावर घेते,’ मी म्हटलं.

भिंतीतून हसू आलं. तेच. ‘बरं. राहिलं म्हणायचं.’

मला राहवलं नाही. मी काठी तिथंच टाकली आणि गुडघे ओढत, पोरांच्या मधून वाट काढत, ह्यांच्या कोपऱ्यात गेले. मला ह्यांचा चेहरा बघायचा होता. हसताना कसा दिसतो ते एकदा बघायचं होतं. मी दंडाला हात लावला. हे वळले. हसू अजून चेहऱ्यावर होतं. मला बघितलं आणि ते हळूहळू आवरलं.

‘बाई, जरा थांबता का?’ हे म्हणाले. ‘आमची ही बोलतेय.’

आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

उल्कानं माझा हात धरला. ‘आई...’

‘सोड,’ मी म्हटलं. ‘मला तिकडे जायला हवं. हे वाट बघतायत.’

मी परत माझ्या कोपऱ्यात आले. कुणीतरी काठी उचलून भिंतीला लावून ठेवली होती. मी तोंड भिंतीकडे केलं.

‘अहो.’

‘कुठं गेली होतीस?’

‘इथंच होते.’

‘इकडे एक बाई आहेत,’ हे आवाज आणखी खाली आणून म्हणाले. ‘म्हाताऱ्या आहेत. फार करतात माझं. त्यांचं कुणी नसावं बहुतेक, सारख्या माझ्याकडे बघत बसतात. तू जरा नीट बोल त्यांच्याशी. फटकळपणा करू नकोस.’

‘नाही करत.’

‘आणि सांगलीला गेलो की त्यांना जेवायला बोलाव एकदा.’

‘बोलावते,’ मी म्हटलं.

आम्ही बोलत राहिलो. सहल निघून गेली, दुसरी माणसं आली, त्यांना उल्का हात जोडून थांबवत होती. कारखान्यातलं यंत्र कागद कसा फाडतं ते ह्यांनी मला सांगितलं. मी घरचं सांगितलं: परसातल्या लिंबाला आलेला बहर, आक्कांचं पत्र, दुधाचा वाढलेला भाव. सगळं त्या सालचं. मग हे दमले. उत्तरं तुटक यायला लागली, आणि एकदा मी ‘अहो’ म्हटलं त्यावर काहीच आलं नाही. वळून बघितलं तर उल्कानं ह्यांना पायरीवर बसवलं होतं, आणि हे कबुतरांकडे बघत होते. मी जवळ गेले तेव्हा ह्यांनी मला बसायला जागा करून दिली.

‘या, बाई,’ म्हणाले. ‘दमलात?’

त्यालाही आता नऊ वर्षं झाली. हेही नाहीत. शेवटच्या विधींत गुरुजींनी नाव आणि गोत्र विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उल्काकडे बघितलं, आणि तिनं सांगितलं.

पण मला आठवतो तो पुण्याला जायच्या आदल्या दिवसाचा सांगलीचा प्रसंग. ह्यांची बॅग भरून झाली होती. हे जेवणघरात खुर्चीवर बसले होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी फडताळाशेजारच्या कोपऱ्यात गेले, भिंतीकडे तोंड केलं, आणि हळूच म्हटलं, ‘अहो.’

आमच्या घराचं छत सपाट. काही झालं नाही. मी पुन्हा म्हटलं.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हे उठून माझ्यापाशी आले.

‘काही हरवलंय का, बाई?’ हे म्हणाले. ‘थांबा, मी बघतो.’

आणि हे खाली बसून, हातानं चाचपत, त्या कोपऱ्यात शोधायला लागले. माझे गुडघे दुखत होते, तरी मग मीही खाली बसले, आणि आम्ही दोघं शोधत राहिलो.